कमवा आणि शिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलात शिकले, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. तरी पुढे हजारो पोरं त्यांच्यामुळं मॅट्रिक झाली!

१९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातीधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा!

१९४० साली साताऱ्यातच त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. तिथं फी नव्हती. मुले अंगमेहनतीचे काम करीत आणि शिकत. कामाची लाज वाटू नये, मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहावा, हाही तिथला अभ्यासच होता. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर अण्णा वारले.

मी रोज सकाळी गोठ्यातलं शेण काढून शाळेत येतो. हाताला वास येतो म्हणून मी मागच्या रांगेत बसायचो. गुरुजींनी अण्णांची माहिती सांगितल्यापासून पुढं बसतो.

सातवीनंतर मला हायस्कूलला जायचंय. आमचे आप्पा म्हणतात, रानात माणूस कमी पडतंय. आप्पा, पालक सभेला आल्यावर तुम्ही हे वाचालच. मी सकाळी रानात येईन, पण माझी शाळा बंद करू नका.

– इयत्ता ७ वी