हाईम सॅम्युएल केहीमकर : नवगावच्या किनाऱ्याचा इतिहासकार

आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत असताना, आपल्यासारखीच भाषा उराशी धरून दूरदूर गेलेल्या आणखी एका मराठी समाजाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज तो हाच. या समाजाच्या परंपरेला प्रथम सविस्तर इतिहासाचे रूप देणारे कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. केहीमकरांचे नाव त्यांच्या समाजात आणि अभ्यासकांत सुपरिचित आहे. परंतु सर्वसामान्य मराठी वाचकाला ते जितके माहीत असावयास हवे तितके नाही.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. या समाजाची परंपरागत श्रद्धा अशी की, फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज इस्राएलच्या भूमीतून जहाजाने निघाले, आणि अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी ते जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली इतरांची प्रेते त्यांनी तेथेच पुरली. नवगावची ती जागा हा समाज आजही पवित्र मानतो. ग्रंथ, पोथ्या, सारे समुद्रात गेले. वाचलेल्यांपाशी उरले ते एवढेच : ईश्वर एक आहे असे सांगणारी शेमा ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध.

हे लोक आसपासच्या खेड्यांत वस्ती करून राहिले, घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. ज्या गावी राहिले त्या गावावरून त्यांनी आडनावे घेतली. दिवेकर, पेणकर, झिराडकर, राजपूरकर, अष्टमकर अशी शंभराहून अधिक आडनावे त्यांच्यात आढळतात. केहीमकर हे घराणे अर्थातच किहीमचे. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी घरगुती मराठी नावे त्यांना मिळाली. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ आणि गोड घालून मलिदा करण्याची प्रथा तर या समाजाची खास ओळख ठरली.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला, असे परंपरा सांगते. हे लोक खरोखरच आपल्यापैकी आहेत की नाहीत, याची परीक्षा घेण्यासाठी त्याने येथील स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. धर्मशास्त्रात हाच नियम असल्याने रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मशिक्षण दिले, आणि त्यांच्या वंशजांकडे काजीपण आले. हा रहाबी केव्हा आला याविषयी मात्र मतभेद आहेत. केहीमकरांनी त्याचा काळ सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानला, तर काही संशोधक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातला समजतात.

अठराव्या शतकात इंग्रजांच्या फौजेत आणि मुंबईच्या वाढत्या व्यापारउदिमात या समाजाला नवे क्षेत्र मिळाले. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी येथे समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मिशनऱ्यांनी कोकणात शाळा उघडल्या. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. धर्मांतराच्या हेतूने आलेल्या या मंडळींच्या हातून घडले ते वेगळेच. आपला जुना करार बेने इस्राएलांना प्रथम मराठीतून वाचावयास मिळाला, आणि त्यातील कथांशी आपल्या घरातील आचार ताडून पाहता आले. फारच थोड्यांनी धर्म सोडला. बहुतेकांचा स्वधर्म उलट अधिक दृढ झाला.

अशा या संधिकालात, १८३० मध्ये, हाईम सॅम्युएल केहीमकरांचा जन्म झाला. कानांवर आजीच्या तोंडची नवगावची कथा आणि डोळ्यांपुढे छापील पुस्तके, अशी दोन्ही जगे लाभलेली ही पिढी होती. केहीमकरांनी दोहोंचा सांधा जुळविण्यात आयुष्य वेचले.

त्यांचे पहिले कार्य शिक्षणाचे. १८५३ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, समाजात विद्येचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसमवेत एक हितकारी संस्था स्थापिली. मुंबईत तेव्हा सर्वच समाजांतील तरुण सभा आणि शाळा काढण्याच्या उत्साहात होते. त्या वाऱ्यात निघालेल्या कित्येक संस्था दोनचार वर्षांत विरून गेल्या. केहीमकरांनी मात्र चिकाटी सोडली नाही. बावीस वर्षांनी, १८७५ मध्ये, त्यांच्या प्रयत्नांना फळ येऊन मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा उघडली गेली. तेथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकविली जाई. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननेही या शाळेस साहाय्य केले. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. कारकून, शिक्षक, डॉक्टर, सैनिक, परिचारिका अशा किती पिढ्या या शाळेने घडविल्या! समाजातील मुलांची संख्या घटत गेली तसे शाळेने सर्व धर्मांच्या मुलांसाठी आपले दार उघडले.

परंतु केहीमकरांचे नाव राहिले ते त्यांच्या ग्रंथामुळे, आणि त्या ग्रंथामागे एक वेदना होती. बगदादकडून मुंबईस आलेले धनाढ्य ज्यू व्यापारी आरंभी बेने इस्राएलांच्याच प्रार्थनामंदिरात येत, त्यांच्याच दफनभूमीचा उपयोग करीत. हळूहळू त्यांच्यातील काहींना या सावळ्या, मराठी बोलणाऱ्या, तेल्यांच्या वंशजांशी आपले नाते जोडणे कमीपणाचे वाटू लागले. १८३६ मध्ये तर दफनभूमीत मध्ये भिंत घालून द्यावी, असा अर्ज त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे केला. हे लोक खरे ज्यू आहेत काय, यांचे रक्त शुद्ध आहे काय, यांनी धर्मनियमांप्रमाणे विवाह आणि घटस्फोट केले आहेत काय, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. ज्यांच्या पूर्वजांनी एकही ग्रंथ जवळ नसताना शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याकडे आता कागदोपत्री पुरावा मागितला जात होता.

या प्रश्नाला रागाने उत्तर देणारे पुष्कळ होते. केहीमकरांनी अभ्यासाने उत्तर द्यावयाचे ठरविले. समाजातील वृद्धांकडून आख्यायिका, चालीरीती, लग्नविधी, सणवार, घराण्यांची नावे आणि गावे त्यांनी गोळा केली. जुन्या इतिहासग्रंथांशी त्यांची तुलना केली. इंग्रजीत लिहिलेला हा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये पूर्ण झाला. त्या वेळी ग्रंथकर्त्याचे वय सदुसष्ट वर्षांचे होते.

त्यांचा मुख्य सिद्धान्त असा. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास ॲन्टायोकस एपिफानेस या राजाने ज्यूंचा धर्मच्छळ आरंभिला; त्या वेळी उत्तरेकडील गालील प्रांतातून बेने इस्राएलांचे पूर्वज निघाले असावेत. त्याच राजाविरुद्धच्या विजयानंतर यरुशलेमच्या मंदिराची शुद्धी झाली, आणि त्या स्मृत्यर्थ हनुक्का हा सण सर्व ज्यू पाळतात. कोकणात मात्र हा सण परंपरेने ठाऊक नव्हता. यावरून पूर्वजांनी त्या घटनेआधीच देश सोडला असला पाहिजे, असे अनुमान केहीमकरांनी काढले. गालील हा आशेर, जबुलून इत्यादी इस्राएली वंशांचा प्राचीन मुलूख. तो ऑलिव्हच्या तेलासाठी प्रसिद्ध. कोकणात येऊन याच लोकांनी तेलाचा व्यवसाय धरला, यातही त्यांना जुन्या धाग्याचे टोक दिसले. शेमाची प्रार्थना, बाराही वंशांना मिळून असलेले इस्राएल हे नाव आणि एलियाहू या उत्तरेकडील संदेष्ट्याविषयीची असीम भक्ती, ही सारी त्या श्रद्धेची अंगे होत.

केहीमकरांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस येथे नमूद केले पाहिजे की, या अनुमानांवर आक्षेप घेता येतात. एखादा सण ठाऊक नसणे म्हणजे तो निर्माण होण्यापूर्वीच देश सोडला, असे निश्चित म्हणता येत नाही. ग्रंथहीन समाज पुष्कळ गोष्टी विसरू शकतो. काही संशोधकांनी या समाजाचे मूळ येमेनमध्ये, तर काहींनी इराणमध्ये शोधले आहे, आणि आगमनाचा काळही पुष्कळ अलीकडचा मानला आहे. शिवाय वंशशुद्धीची भाषा दुधारी असते. ज्या समाजाला बगदादी मंडळींनी दूर लोटले, त्याच समाजात गोरे आणि काळे इस्राएल असा भेद होता. माता परधर्मीय असल्याचे मानून काळ्यांशी गोरे इस्राएल विवाहसंबंध करीत नसत. आपल्यावर झालेला अन्याय आपणच आपल्यातील दुर्बलांवर करावा, हे वैगुण्य कोणत्या समाजात नाही? पुढील काळात हा भेद मावळत गेला, ही समाधानाची गोष्ट.

ग्रंथ पूर्ण झाला, पण तो छापला गेला नाही. केहीमकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवर्तले, तेव्हा त्यांच्या जन्माच्या श्रमाचे फळ हस्तलिखिताच्याच रूपात होते. १९३६ मध्ये इमॅन्युएल ओल्सवांगर हे भाषापंडित पॅलेस्टाईनहून भारतात आले. पुढे भगवद्गीतेचा हिब्रू अनुवाद करणारे हेच गृहस्थ. केहीमकरांच्या हस्तलिखिताचे मोल त्यांनी ओळखले, त्याचे संपादन केले, आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्या भूमीतून आपले पूर्वज निघाले असे केहीमकर मानीत, त्याच भूमीत चाळीस वर्षांनी त्यांचा ग्रंथ छापला गेला.

केहीमकरांना छळणारा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. रंगूनच्या प्रार्थनामंदिराच्या कारभारात बेने इस्राएलांना मताचा अधिकार असावा की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९४८ नंतर हजारोंनी इस्राएलला प्रयाण केले. तेथेही १९६१ नंतर त्यांच्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश निघाले. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी यरुशलेममध्ये निदर्शने केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील सरकारने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय संशोधनात या समाजाच्या रक्तात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोहोंचाही वारसा आढळला. जहाज कोणत्या वर्षी फुटले, प्रवासी कोणत्या वंशाचे होते, हे विज्ञान सांगत नाही. परंतु समुद्रापलीकडून कोणीतरी आले होते आणि ते येथल्या मातीत मिसळले, एवढे ते निश्चित सांगते. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. एके काळी सुमारे वीस हजार असलेला हा समाज भारतात आता काही हजारांवर आला आहे.

या चरित्रापासून आपण परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी काय घ्यावे? बेने इस्राएल नोकरीच्या निमित्ताने कराची, अहमदाबाद, दिल्ली, एडन येथवर गेले. कराचीत १८९३ मध्ये आणि अहमदाबादेस १९३४ मध्ये त्यांनी आपली प्रार्थनामंदिरे उभारली. हिब्रूतील प्रार्थना आणि घरातील मराठी ही दोन्ही त्यांनी बरोबर नेली. एकोणिसाव्या शतकातच त्यांनी आब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली. वल्हांडणाचा विधिग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला. इस्राएलमध्ये गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. एका स्मृतीसाठी दुसरी टाकावी लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

स्मृती तोंडातोंडी जगते, पण ती पुसट होण्यास दोन पिढ्या पुरतात, हे केहीमकरांनी ओळखले होते. त्यांनी वृद्धांना विचारले, ऐकले ते लिहून ठेवले, आणि मुलांसाठी शाळा काढली. त्यांचे काही तर्क पुढे टिकले नाहीत असे मानले, तरी त्यांनी लिहून ठेवलेले सण, विधी आणि आख्यायिका यांच्यावाचून आज कोणाही अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत ज्या वडीलधाऱ्यांनी येथे पहिला गणपती बसविला, पहिले नाटक उभे केले, पहिली मराठी पुस्तकपेटी आणली, त्यांच्यापैकी जे आज आपल्यात आहेत त्यांच्यापाशी बसून त्यांची हकीकत वेळेवर लिहून घ्यावी, अशी या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची सर्व सभासद बंधुभगिनींना विनंती आहे. किहीमच्या या सुपुत्राला आमचे विनम्र अभिवादन.