शिंदळ माकुडीला नाव देणारा वनाधिकारी

मावळातील सुदुंबऱ्याहून चाकणमार्गे नाशिक रस्त्याला लागले, की नारायणगावहून जुन्नरकडे वळता येते. तेथील शिवनेरीच्या कड्यांवर भर उन्हाळ्यात उघड्या, राखट कांड्या खडकाला बिलगून असतात. त्या वाळल्या आहेत असेच वाटते. पाऊस पडताच त्यांना पाने फुटतात आणि पावसाळा सरताना पिवळी नक्षी ल्यालेली गडद तांबडी फुले येतात. महाराष्ट्राबाहेर कोठेही निसर्गतः न आढळणारी ही शिंदळ माकुडी. वनस्पतिशास्त्राला तिची ओळख करून दिली निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांनी.

डॅलझेल यांचा जन्म १८१७ मध्ये एडिंबरो येथे झाला. १८४१ मध्ये ते मुंबईत आले. नोकरी जकात खात्यातील, ओढा मात्र वनस्पतींचा. दापोडी आणि जुन्नरजवळील हिवरे येथील सरकारी उद्याने सांभाळणाऱ्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे गिब्सन यांच्यानंतर ते वनसंरक्षक झाले. जंगले आणि पाऊस यांच्या संबंधावर त्यांनी त्याच दशकात सरकारसाठी लिहिले, हे आज विशेष वाटते.

१८६४-६५च्या सुमारास त्यांनी माकुडीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिले. वरिष्ठांचे नाव देण्याची तेव्हा रीतच होती!

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे तेथील अनेक मांसल वनस्पती हिवाळ्यात वाढतात व उन्हाळ्यात निजतात. माकुडीही उन्हाळ्यात निजते, पण तिला जागवतो तो मोसमी पाऊस. तिच्या जोडशेंगा उकलल्या, की रेशमी तुऱ्यांचे बी वाऱ्यावर उडते. कड्यावरून उडालेल्या बियांपैकी फारच थोड्यांना मातीची भेग सापडते, आणि दुर्मीळपणाचे एक कारण तेच. बागेत मात्र ताजे बी वाळू-खडीच्या मिश्रणात लवकर रुजते. पाने गळू लागली की पाणी तोडावे लागते. दया येऊन पाणी घालणारे हौशी लोक रोप हमखास कुजवतात.

डॅलझेल १८७० मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर सात-आठ वर्षांतच निवर्तले. पुढील अभ्यासकांनी माकुडीला 'बुसेरोशिया' प्रजातीत घातले. फ्रिअर यांचे नाव जातीपुरते उरले. डॅलझेल यांच्या नावाची 'डॅलझेलिया' ही प्रजाती वाहत्या ओढ्यांतील खडकांवर वाढते.