होमी भाभांनी सुरक्षेचा नियम तारापूरच्या आधीच घातला होता, त्याची खरी परीक्षा नरोऱ्याच्या आगीत झाली

अणुऊर्जा प्रकल्पात अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्फोट, धुराचा ढग आणि पांढरे सूट घातलेली माणसं येतात. पण अशा प्रकल्पात काम करणाऱ्यांना धास्ती असते ती एका ओळखीच्या गोष्टीची. ती म्हणजे साधी आग. तेलाची, वायूची, वायरींची.

भारतात अणुऊर्जेचा विषय निघाला की पहिलं नाव येतं डॉ. होमी भाभांचं. त्यांनी टाटांना लिहिलेलं पत्र, आल्प्समधला विमान अपघात आणि त्यामागच्या कटाच्या थिअऱ्या आपण व्हॉट्सॲपवर शंभर वेळा वाचल्यात. सुरक्षेबद्दल भाभांनी काय ठरवलं होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी घरात भाभांचा जन्म झाला. त्यांची आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलानं केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात काम करावं, असा घरच्यांचा बेत होता. भाभांनी १९३० मध्ये इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास करून वडिलांचा शब्द राखला आणि मग आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले.

१९३९ ला ते सुट्टीवर भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं लांबलं. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम सुरू केलं आणि इथंच राहायचं ठरवलं. १९४५ ला टीआयएफआर उभी राहिली. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेलं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आणि नारायणगावजवळ खोडदला असलेली अवाढव्य दुर्बीण, ही दोन्ही याच टीआयएफआरची. १९४८ ला अणुऊर्जा आयोग आला, भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ ला तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथं अप्सरा ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली.

आता इथं सुरक्षेचा विषय येतो.

अप्सरा सुरू झाल्यावर साधारण चौदा महिन्यांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली. भट्टीच्या आतलं इंधनच पेटलं. किरणोत्सर्गी आयोडीन हवेतून आसपासच्या कुरणांवर पसरलं आणि कित्येक दिवस त्या भागातलं दूध ओतून द्यावं लागलं. नुकसान याहून मोठं झालं नाही, त्याचं एक कारण होतं चिमणीच्या टोकावर बसवलेले फिल्टर. हे फिल्टर हवेतच असा आग्रह जॉन कॉकक्रॉफ्ट या शास्त्रज्ञानं धरला होता. तेव्हा हा फुकटचा खर्च आहे म्हणून लोकांनी त्याची टिंगल केली होती.

फेब्रुवारी १९६० मध्ये भाभांनी ट्रॉम्बेसाठी एक लेखी सूचना काढली. किरणोत्सर्गी पदार्थ अशा पद्धतीनं हाताळायचे की कर्मचाऱ्यांना किंवा इतर कुणालाही इजा होता कामा नये, हा तिचा पहिला भाग. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. देशातल्या इतर संस्थांना ज्याचं अनुकरण करायला सांगता येईल, असा कित्ता ट्रॉम्बेनं घालून द्यायचा.

ही सूचना आली तेव्हा भारतात एकही अणुवीज प्रकल्प नव्हता. म्हणजे वीज यायच्या आधी नियम आला.

पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, अणुऊर्जा खात्याचे सचिव होते आणि ट्रॉम्बेचे संचालकही होते. प्रकल्प आणणारे तेच, तो चालवणारे तेच आणि तो सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारेही शेवटी तेच. भाभांसारखा माणूस त्या खुर्चीत होता तोवर हे चालून गेलं. पण व्यवस्था एका माणसाच्या शिस्तीवर किती दिवस चालणार, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

तारापूरसाठी अमेरिकेशी १९६३ ला करार झाला आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन भट्ट्या घ्यायचं ठरलं. भाभांना मात्र तारापूरची वीज बघायला मिळाली नाही. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान मॉन्ट ब्लांकवर आदळलं आणि भाभांसह विमानातले सगळे ११७ जण गेले. वय फक्त ५६.

कटाच्या कथा बाजूला ठेवून अधिकृत चौकशीत काय निघालं ते बघा. विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं. वैमानिकाचा आपण कुठं आहोत याचा अंदाज चुकला. जमिनीवरच्या कंट्रोलरच्या ते लक्षात आलं, त्यानं सांगितलंही, पण नेमक्या शब्दांत न सांगितल्यानं वैमानिकाचा गैरसमज झाला. एकट्यानं विमान पाडेल अशी यातली एकही गोष्ट नव्हती. तिन्ही एकत्र आल्या आणि घात झाला.

अणुऊर्जा प्रकल्पातल्या आगीचंही अगदी असंच असतं.

का, ते समजून घेऊ. भट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबल्यानंतरही इंधनातून सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या साधारण ६ ते ७ टक्के उष्णता निघत राहते. ती काढायला पाणी लागतं, पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते आणि वीज येते केबलमधून. म्हणून प्रत्येक गोष्टीला एक पर्याय ठेवलेला असतो. पण मुख्य केबल आणि पर्यायी केबल एकाच मार्गानं नेल्या असतील तर? एकच आग दोन्ही जाळते.

हे अमेरिकेत १९७५ ला घडलं. ब्राउन्स फेरी प्रकल्पात हवा कुठून गळते हे शोधायला एका कामगारानं मेणबत्ती धरली, भिंतीतल्या भोकातला फोम पेटला आणि १६०० पेक्षा जास्त केबल जळाल्या. त्या भट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच.

आपल्याकडे ती वेळ आली ३१ मार्च १९९३ च्या पहाटे. उत्तर प्रदेशातल्या नरोरा प्रकल्पात टर्बाइनची पाती तुटली. जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला, मग तेल पेटलं. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल जवळजवळ होत्या, मध्ये आग अडवणारी पुरेशी आडकाठी नव्हती. सगळा पुरवठा गेला. कंट्रोल रूममध्ये धूर भरला आणि ती सोडावी लागली. प्रकल्प तब्बल १७ तास विजेविना होता.

ऑपरेटरांनी भट्टी पहिल्या मिनिटाच्या आतच बंद केली होती. पण ती बंदच राहावी म्हणून काही जण बॅटऱ्या घेऊन अंधारात भट्टीच्या वर चढले आणि बोरॉन मिसळलेलं द्रव हातानं आत सोडलं. थंड करायला पाणी मिळालं ते डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांमुळं. त्यांना विजेची गरज नव्हती. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

माणसांनी भाभांचा नियम पाळला होता. केबलच्या मांडणीत तो पाळला गेला नव्हता.

नरोऱ्यानंतर देशातल्या प्रकल्पांमध्ये केबल वेगळ्या करणं, मध्ये आगरोधक अडथळे घालणं ही कामं झाली. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांमध्ये २००५-०६ ला दोन्ही युनिटचा आपत्कालीन वीजपुरवठा वेगळा केला गेला, मोठे डिझेल जनरेटर आले, पर्यायी कंट्रोल रूम झाली आणि अग्निशमन यंत्रणाही सुधारली गेली.

देखरेखीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्येच आलं होतं. पण ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तर देत होतं, आणि त्याला कायद्यानं पुरेसं स्वातंत्र्य नाही यावर कॅगनं २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं. भाभांच्या तीन खुर्च्यांमधून सुरू झालेला हा प्रश्न ४६ वर्षांनीही तसाच होता.

आता हे सगळं पुण्यातल्या माणसाला कशाला? एक काम करा. आज घरी जाताना सोसायटीच्या मीटर रूममध्ये आणि जिन्याजवळच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये डोकावा. तिथं जुने पुठ्ठे, रंगाचे डबे, मुलांच्या मोडक्या सायकली ठेवल्यात का? लिफ्टची, जिन्यातल्या दिव्यांची आणि आगीच्या पंपाची केबल एकाच डक्टमधून जाते का? मजल्या-मजल्यावर डक्टची भोकं बुजवलीत का? आणि हे तपासायचं काम नेमकं कुणाचं आहे, हे कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारून घ्या.