वाँग किम आर्क: जन्मावरून नागरिकत्व मिळवून देणारा सॅन फ्रान्सिस्कोचा आचारी

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये, असं त्यात म्हटलं होतं. एच-१बी व्हिसावर तिथे राहणाऱ्या आणि बाळाची वाट पाहणाऱ्या भारतीय जोडप्यांची झोप उडाली. आदेशाला न्यायालयांत आव्हान दिलं गेलं, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक नाव पुन्हा पुढे आलं: वाँग किम आर्क.

न्यायालयीन नोंदीनुसार वाँग यांचा जन्म १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत झाला. त्यांचे आईवडील चिनी होते आणि तिथेच व्यापार करत होते. त्या काळच्या कायद्यानुसार चिनी माणसाला अर्ज करूनही अमेरिकी नागरिक होता येत नव्हतं. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात येण्यासच बंदी घालण्यात आली. पुढे आईवडील चीनला परतले. वाँग मात्र सॅन फ्रान्सिस्कोत आचारी म्हणून काम करत राहिले. त्यांचं लग्न चीनमध्ये झालं आणि बायकामुलं तिकडेच राहिली.

१८९४ मध्ये ते पुन्हा चीनला गेले. जाण्यापूर्वी, आपला जन्म अमेरिकेतला आहे हे सांगणारी आणि गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या असलेली कागदपत्रं त्यांनी तयार करून घेतली होती. तरीही ऑगस्ट १८९५ मध्ये परतल्यावर त्यांना बंदरावर अडवण्यात आलं. जन्म इथला असला, तरी आईवडील चीनच्या सम्राटाचे प्रजाजन, म्हणून मुलगाही चिनीच, असं सरकारचं म्हणणं होतं. चार महिन्यांहून अधिक काळ त्यांना बंदरातल्या जहाजांवरच ठेवण्यात आलं.

जानेवारी १८९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रश्न होता १८६८ च्या १४ व्या घटनादुरुस्तीचा. अमेरिकेत जन्मलेली आणि तिथल्या कायद्याच्या अधिकारकक्षेत असलेली व्यक्ती नागरिक ठरते, असं ही दुरुस्ती सांगते. २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने वाँग यांना जन्मापासूनच नागरिक ठरवलं. परदेशी राजदूतांची मुलं, आक्रमक शत्रूच्या ताब्यातल्या भागात त्या शत्रूच्या पोटी जन्मलेली मुलं असे मोजकेच अपवाद ठेवले गेले.

खटला जिंकला, पण संशय संपला नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोमध्ये त्यांना बेकायदा स्थलांतरित समजून अटक झाली. सुटकेसाठी ३०० डॉलरचा जामीन भरावा लागला. प्रकरण मिटायला काही महिने गेले. नागरिकाचा मुलगा या नात्याने त्यांचा थोरला मुलगा १९१० मध्ये अमेरिकेत आला. चौकशीत बापलेकाची उत्तरं जुळत नाहीत, असं म्हणत अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवलं. १९२० च्या दशकात आलेल्या तीन मुलांना मात्र प्रवेश मिळाला. त्यांतला धाकटा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यभरतीत घेतला गेला.

वाँग १९३१ मध्ये चीनला गेले आणि पुन्हा परतले नाहीत. तिकडेच त्यांचं निधन झालं. चिनी लोकांवरची प्रवेशबंदी १९४३ मध्ये उठली.

त्यांच्या निकालातला एक तपशील आजही वादात आहे. त्यांचे आईवडील त्यांच्या जन्माच्या वेळी अमेरिकेत कायमचे राहत होते. म्हणून तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या बाळांना हा निकाल लागू होत नाही, असा ट्रम्प सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयाने भर दिला होता तो जन्मस्थानावर, असं विरोधकांचं म्हणणं. अनेक जिल्हा न्यायालयांनी याच निकालाचा आधार घेत आदेशाची अंमलबजावणी रोखली.

मात्र या निकालाने दर्जा मिळतो तो बाळाला, आईवडिलांना नाही. बाळ नागरिक झालं म्हणून पालकांच्या व्हिसाची मुदत वाढत नाही. त्यांच्या ग्रीन कार्डसाठी मुलाला अर्ज करता येतो, तोही वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच.