आईची की आजीची?

जॉर्ज सँड हे नाव पुरुषाचे वाटते, पण ते फ्रान्समधील एका थोर लेखिकेने घेतलेले टोपणनाव आहे. तिचे खरे नाव ऑरोर द्युपँ. जन्म १८०४, पॅरिस. तिच्या कादंबऱ्यांविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मला आपल्या भगिनींना सांगावीशी वाटते ती तिच्या बालपणाची हकीकत.

ऑरोरची आजी एका नामांकित फ्रेंच सेनापतीची मुलगी, तर आई सोफी ही पॅरिसच्या नदीकाठी पक्षी विकणाऱ्याची लेक. एकुलत्या एका मुलाने अशा मुलीशी चोरून लग्न लावले, हे सासूबाईंना सोसले नाही. ते लग्न रद्द करविण्याचीही त्यांनी खटपट केली. वास्तविक त्यांचा स्वतःचा जन्म लग्नाबाहेरचा. पण घराण्याचा ताठा आडवा आला, की अशा गोष्टी सोयीस्कर विसरल्या जातात.

१८०८ च्या सप्टेंबरात सारी मंडळी नोआँ या खेड्यातील आजीच्या वाड्यात होती. तेथे सोफीचे तान्हे बाळ गेले, आणि आठ-दहा दिवसांतच तिचा नवरा रात्री घोड्यावरून पडून मरण पावला. चार वर्षांची ऑरोर तेवढी उरली. एकीचा एकुलता एक मुलगा गेला होता, दुसरीचे कुंकू. दोघींनाही आता हीच पोर हवी होती.

सोफीला लग्नाआधीची आणखी एक मुलगी होती, कॅरोलिन. तिला वाड्याचा उंबरठा ओलांडू द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. म्हणजे एका लेकीजवळ राहायचे तर दुसरी सोडायची! अखेर १८०९ साली करार झाला. ऑरोरचे पालकत्व आजीकडे गेले, सोफीला वर्षासन मिळाले आणि ती पॅरिसला परतली. पैशासाठी पोर दिली, असे कुणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. हाती पैसा नसलेल्या विधवेने त्या काळी आणखी काय करायचे होते? आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने बापामागे आईच नैसर्गिक पालक ठरते. सोफीच्या वाट्याला मात्र सासूचीच मर्जी आली.

आजीने नातीला उत्तम शिकविले, जिवापाड जपले. पण पोरीचे डोळे आईच्या वाटेकडे. आई येई, काही दिवस राही, निघून जाई. एकदा ती जाणार, तेव्हा ऑरोरने तिच्या खोलीतील आजोबांच्या तसबिरीमागे चिठ्ठी लपविली आणि तेथेच उत्तर ठेवायला सांगितले. आई गेल्यावर तिने तसबीर हलवून पाहिली. मागे काहीच नव्हते.

पुढे ती आईकडे जाण्याचा हट्ट धरू लागली, तेव्हा आजीने तिला जवळ बोलावून आईच्या पूर्वायुष्यातील नको त्या गोष्टी सांगितल्या. पोर तेव्हा अवघी बारा-तेरा वर्षांची. आजीच्या साऱ्या मायेवर या एका गोष्टीने पाणी पडले, असे मला वाटते. मग १८१८ साली तिला पॅरिसमधील इंग्रज जोगिणींच्या मठात शिकायला ठेवले.

आजी १८२१ च्या डिसेंबरात वारली. अखेरच्या आजारात नातीनेच तिची सेवा केली. मृत्युपत्रात पालक म्हणून बापाकडील नातलगाचे नाव होते. सोफीने ते मानले नाही. आपला हक्क सांगून ती मुलीला घेऊन गेली. पण इतक्या वर्षांच्या ताटातुटीनंतर मायलेकींचे पटेना. त्याच वर्षी, म्हणजे १८२२ साली, अठराव्या वर्षी ऑरोरने लग्न केले.

तो संसारही टिकला नाही. १८३६ साली ती नवऱ्यापासून कायद्याने विभक्त झाली. पुढल्या वर्षी त्याने मुलगी सोलांज हिला पळवून नेले, तेव्हा सरकारी माणसे बरोबर घेऊन तिने तिला परत आणले.

पुढे सोलांजचे आणि जावयाचे बिनसले. त्यांची चिमुरडी नीनी नोआँला आजीच्या मायेत वाढत होती. बापाने तिला तेथून नेऊन वसतिशाळेत घातले. आता जॉर्ज सँड स्वतःच आजी होऊन न्यायालयात उभी होती. १८५४ च्या डिसेंबरात निकाल तिच्या बाजूने लागला. पण मूल घरी येण्याआधीच जानेवारीत तापाने गेले. सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. नोआँच्या ज्या कौटुंबिक दफनभूमीत खापरपणजी विसावली होती, तेथेच नीनीला पुरले.