मॅक्रे नावाचा वेग

रेसिंग गेम घेतला की तुम्हाला दोन गोष्टी एकदमच हव्या असतात. गाडी पाच मिनिटांत हाताशी बसली पाहिजे आणि ती खरीही वाटली पाहिजे. १९९८ साली कोडमास्टर्सच्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ने हे जमवलं. तुम्ही आज ‘डर्ट’ खेळत असाल, तर त्या मालिकेचं मूळ हेच. पण ज्याचं नाव या गेमला दिलं, तो मॅक्रे माहितीये?

कॉलिनचा जन्म ५ ऑगस्ट १९६८चा, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कचा. वडील जिमी पाच वेळा ब्रिटिश रॅली चॅम्पियन, त्यामुळे रॅली घरातच होती. रॅली म्हणजे ट्रॅकवर गोल गोल फिरणं नव्हे. खडी, चिखल, बर्फ, जंगल, असल्या रस्त्यांवरून एकेक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते आणि शेजारचा को-ड्रायव्हर पुढचं वळण वाचून सांगतो. कॉलिन तिथे गाडी आडवी घालत सुसाट सुटायचा. इतक्यांदा आपटला, की लोकांनी त्याला ‘मॅक्रॅश’च करून टाकलं!

१९९५ मध्ये मात्र कसोटी लागली. स्पेनमध्ये सुबारू टीमने त्याला सहकारी कार्लोस साइन्झच्या मागे राहायला सांगितलं. तो वैतागला, आधी ऐकेना; शेवटी पेनल्टी घेऊन त्याने जिंकलेली रॅली सोडली. दोघांचे गुण सारखे झाले. ब्रिटनमधल्या अखेरच्या रॅलीत टायर पंक्चर होऊन तो मागे पडला, तरी वेळ भरून काढत जिंकला. वयाच्या २७व्या वर्षी तो पहिला ब्रिटिश जगज्जेता झाला, शिवाय तोवरचा सर्वांत तरुणही. तो विक्रम २०२२ पर्यंत टिकला.

गाडी कशी वागते, हे गेमवाल्यांनी त्याच्याकडूनच समजून घेतलं. नोट्स वाचणारा आवाजही त्याचा खरा को-ड्रायव्हर निकी ग्रिस्टचा. गेममध्ये मोकाट सुटायची मुभा होती, पण एका स्टेजला आपटलात तर मोडलेली गाडी पुढच्या स्टेजलाही तुमच्याच गळ्यात. दुरुस्तीला वेळ मोजकाच.

हा हिशेब कॉलिनलाही चुकला नाही. २००१ मध्ये विजेतेपद आवाक्यात असताना अखेरच्या रॅलीत वळण जरा जास्तच आतून कापायला गेला, गाडी उलटली आणि किताब रिचर्ड बर्न्सकडे गेला.

१५ सप्टेंबर २००७ रोजी लॅनार्कजवळ तो स्वतः चालवत असलेलं हेलिकॉप्टर कोसळलं. तो गेला, सोबत पाच वर्षांचा मुलगा जॉनी आणि आणखी दोघंही. दरीत इतक्या खालून उडायची गरज नव्हती आणि त्याच्याकडे वैध परवाना नव्हता, असं चौकशीत निघालं.

त्याचा गेम जरूर खेळा. बिनधास्त आपटा, पुन्हा सुरू करा. पण रात्री मित्रांना मागे बसवून खरी बाइक काढाल, तेव्हा जॉनी आठवा. वेग त्याने निवडला नव्हता.