तुकोबांच्या वाटेने : कवी नारायण वामन टिळक

आपल्या पणज्यांपैकी कित्येकांनी ज्या रत्नागिरी जिल्ह्याचा निरोप घेऊन मॉरिशस गाठले, त्याच जिल्ह्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव कडक स्वभावाचे; आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेल्या. नारायणाला देवाची ओढ आईकडूनच लागली. तो साधारण अकरा वर्षांचा असताना आई गेली. मग वडिलांच्या धाकात त्याचे मन रमेना. घर सोडून तो नाशिकला गेला आणि तेथे संस्कृत शिकला.

पण विद्येने मनाची तळमळ शमली नाही. जातिभेद त्यांना सलत असे. सर्वांना एकत्र आणणारा नवा धर्म आपणच काढावा, असेही त्यांच्या मनात येई. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडू लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. नातेवाईक दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन चार-पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला नांदायला आल्या, तरी सोवळे सुटायला वेळ लागला. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात हा सारा संसार मोकळेपणाने आला आहे.

धर्म बदलला, पण टिळकांनी मराठी वळण सोडले नाही. परक्या चालींवरच्या भजनांऐवजी त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात येण्यास बाप्तिस्म्याची अट नव्हती. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे ठेवून ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

समुद्र ओलांडताना आपल्या पूर्वजांचेही पुष्कळ काही मागे राहिले. भजन मात्र त्यांनी बरोबर आणले. टिळकांनीही तेच केले.